टिळकवाडीतल्या वकीलबाईंचं ऑफिस: सोडून गेलेल्या माणसावर स्टे आणायला गेलो होतो, त्याचा अनुभव

बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आणि चौदा माणसं. फाउंड्रीवाल्यांकडनं कास्टिंग येतं, ते मशीनिंग करून पंपवाल्यांना द्यायचं, वडिलांनी एका जुन्या लेथवर चालू केलेलं काम. हॉटेल-दुकानाचे रिव्ह्यू सगळे लिहितात, वकिलाचा कोण लिहीत नाही, आणि गरज पडते तेव्हा नेमकं कुणाला विचारायचं तेच कळत नाही, म्हणून बसून सगळं लिहितोय. लांबलंय, पण ज्याचा हाताखालचा माणूस सोडून समोरच्या शॉपला गेलाय तो शेवटपर्यंत वाचेल. मॅडमचं नाव घालत नाही कारण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यांनीही नाव टाकू नका म्हणून सांगितलंय. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला ऑफिस आहे, एवढं पुरे.

झालं असं. आमचा फोरमन, येळ्ळूरकडचा पोरगा, नऊ वर्षं आमच्याकडं. आला तेव्हा त्याला मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, मी स्वतः बाजूला उभा राहून शिकवलेला. लग्नात आम्ही सगळे गेलेलो. खंडेनवमीला मशीनची पूजा केली, नारळ त्याच्याच हातानं फोडला, आणि दसरा झाला तसा चौथ्या दिवशी येऊन म्हणतो, "मालक, मी सोडतो, घरचा प्रॉब्लेम हाय." घरचा प्रॉब्लेम कसला, पंधरा दिवसात कळलं की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जॉईन झालाय, आमच्याच एका कस्टमरचं काम घेणाऱ्या शॉपमधे. मग माझ्या भाच्यानं ऑफिसचा कॉम्प्युटर बघितला तर सोडायच्या आधी चार दिवस रात्री ६३ फायली स्वतःच्या मेलवर पाठवलेल्या. फिक्श्चरची, म्हणजे पार्ट मशीनवर पकडायच्या साधनाची ड्रॉइंग्ज, सीएनसीचे प्रोग्राम, कुठल्या पार्टला कुठलं टूल किती फीडनं, आणि रेटची शीट. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशाचं नंतर, आधी पोटात कालवलं ते माणसाचं.

आमच्या अपॉइंटमेंट लेटरमधे कलम होतं की सोडल्यावर दोन वर्षं बेळगाव, कोल्हापूर, हुबळी ह्या भागात तशाच धंद्यात नोकरी करायची नाही, स्वतःचं शॉप टाकायचं नाही. त्याची सही. मला वाटलं झालं, कागद पक्का आहे.

पहिल्यांदा गेलो ते दुसऱ्याच एका वकिलाकडं, ओळखीतनं. दहा मिनिटं ऐकलं, लेटर वरवर बघितलं आणि म्हणाले घाला केस, आठ दिवसात स्टे आणतो, पोरगं शिरोलीला पाऊल टाकायचं नाही. २५ हजार ॲडव्हान्स दिला. बरं वाटलं तेव्हा, खोटं का सांगू, मला तेच ऐकायचं होतं. तीन आठवडे गेले, ड्राफ्ट तयार होतोय, दिवाळीची सुट्टी आहे, असंच चाललेलं. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, अजून एकाला दाखवूया की." तो राजा लखमगौडा लॉ कॉलेजच्या एका मित्राला विचारून आला आणि हे ऑफिस सापडलं.

पहिली भेट पाऊण तासाची, १५०० रुपये, आधीच सांगितलेले. मॅडमनी लेटरची चार पानं ओळ न ओळ वाचली, बोटानं धरून. मी मधे बोलायला गेलो तर हात वर करून थांबा म्हणाल्या. वाचून झाल्यावर पहिलं वाक्य, "काका, हे चौथं पान फाडून टाकलं तरी तुमचं काही बिघडणार नाही, कारण ह्या पानावर कुठलंही कोर्ट तुम्हाला स्टे देणार नाही."

मी तर गार पडलो. पण त्यांनी मग जे समजावून सांगितलं तसं कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते, म्हणून मला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

आपल्याकडं १८७२ चा करार कायदा आहे, त्याचं कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय, नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. सही असली, दोघं राजीखुशीनं तयार असले, तरी रद्द. सूट एकच लिहिलेली आहे, कुणी आपल्या धंद्याचं गुडविल, म्हणजे कमावलेलं नाव, विकलं तर घेणारा त्याला काही भागात तोच धंदा करू नको म्हणू शकतो. नोकराला ती सूट लागू नाही. इंग्लंडमधे कोर्ट बघतं की बंधन वाजवी आहे का, मुदत किती, भाग किती, आणि वाजवी असेल तर पाळायला लावतं. आपल्या कलमात वाजवीचा शब्दच नाही. आमचं कलम कुठल्यातरी परदेशी नमुन्यातनं उचललेलं होतं हे त्यांनी वाचताच ओळखलं. खरंच, मी ते नेटवरनंच घेतलेलं.

मी म्हटलं मग कागदाला अर्थच काय. तर तसंही नाही. नोकरी चालू असताना माणसाला बांधता येतं. १९६७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, निरंजन गोळीकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचं सूत निघायचं, तंत्र हॉलंडच्या कंपनीकडनं आलेलं, गोळीकारींचा करार १९६३ पासून पाच वर्षांचा, आणि ते मधेच सोडून कोट्याला राजस्थान रेयॉनमधे गेले. कोर्टानं त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली, पण उरलेल्या मुदतीपुरती, कारण ठरलेली पाच वर्षं संपायची होती. मालक लोक हाच निकाल हातात घेऊन येतात आणि करार चालू होता ही गोष्ट विसरतात, असं मॅडम म्हणाल्या. आमच्या पोराचा मुदतीचा करार कुठला, महिन्याच्या नोटिशीवर नोकरी, नोटिशीचे पैसे त्यानं भरलेले.

नोकरी संपल्यानंतरचं बंधन १९८० ला क्रिशन मुरगई यांच्या केसमधे आलं, सुपरिंटेंडन्स कंपनीनं दोन वर्षं दिल्लीत तसंच काम करू नको म्हणून लिहून घेतलेलं. कंपनीला मनाई मिळाली नाही, आणि न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी आपल्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलं की नोकरी सुटल्यावरचं असलं बंधन कलम २७ खाली रद्दच. आणि तिसरं उदाहरण ऐकून मला लगेच उजेड पडला, आपला श्रीरामपूरचा झहीर खान! परसेप्ट कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, संपल्यावरही दुसऱ्या कुणाकडं जायच्या आधी आम्हालाच विचारायचं असं कलम. मुंबई हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी कंपनीला तात्पुरती मनाई दिली, दोन न्यायमूर्तींच्या बेंचनं ती उठवली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानंही उठवलेलीच बरोबर म्हटलं. करार संपला, बंधन संपलं.

बाँडबद्दल पण विचारलं, कारण आमच्या लाईनीतले बरेच जण बाँड लिहून घेतात. ते वेगळं. विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचे अशी अट होती, आपल्या कर्नाटक हायकोर्टानं ती उडवलेली, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं परत ग्राह्य धरली. पण तिथं माणसाला दुसरीकडं जायला अडवलेलं नाही, लवकर सोडलं तर पैसे भर एवढंच.

आता स्टेचं. तात्पुरती मनाई म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम १ आणि २. मूळ दावा चालायला वर्षं जातात, आमचं कलम दोन वर्षांचं, म्हणजे निकाल येईपर्यंत ती दोन वर्षं उलटूनही गेलेली असणार. त्यामुळं असल्या भांडणात सगळी लढाई त्या पहिल्या अर्जावरच होते, आमच्याकडं कोर्टात त्याला नुसतं आय.ए. म्हणतात. तीन गोष्टी बघतात. प्रथमदर्शनी केस आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर जास्त गैरसोय कुणाची, आणि पैशानं भरून निघणार नाही असं नुकसान आहे का. मॅडमनी मला एक एक घेऊन सरळ प्रश्न विचारले. त्याला नोकरी करण्यापासून अडवायला तुमची प्रथमदर्शनी केस आहे? नाही, कलम २७. गैरसोय कुणाची जास्त, तुम्ही चौदा माणसांचे मालक, तो घरभाडं भरणारा? मी गप्प. "पण त्या ६३ फायली," म्हणाल्या, "त्यावर तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या बाजूला येतात."

हा फरक मला आयुष्यात पहिल्यांदा कळला आणि पटला पण. नऊ वर्षात त्याच्या हाताला जे वळण लागलं, आवाजावरनं टूल गेलेलं ओळखणं, पातळ भिंतीचं कास्टिंग चेपू न देता पकडणं, ते त्याचं. मी शिकवलं तरी त्याचं. ते घेऊन तो शिरोलीला जाऊ दे, पुण्याला जाऊ दे. पण फाईलमधलं ड्रॉइंग, आम्ही सात ट्रायल वाया घालवून बसवलेला प्रोग्राम, रेट शीट, हे आमचं. ते नोकरी सुटल्यावरसुद्धा आमचंच राहतं आणि ते थांबवणं म्हणजे धंद्याला रोखणं होत नाही. दिल्ली हायकोर्टाचा १९८७ चा जॉन ब्रॅडीचा निकाल त्यांनी काढून दाखवला, चारा तयार करायच्या यंत्राची ड्रॉइंग्ज विश्वासानं दिलेली आणि ज्यांना दिली तेच ते यंत्र बनवायला लागले, कोर्टानं थांबवलं. मात्र गुपिताच्या नावाखाली नोकरीच अडवायला बघाल तर कोर्ट ओळखतं, असंही बजावलं. २००६ च्या अमेरिकन एक्सप्रेसच्या केसमधे बँकेला तिथंच नकार मिळाला होता.

मग एक प्रश्न आला आणि तो मला लागला. "त्याचा शेवटचा पगार दिलाय?" नव्हता दिला. रागात अडवून ठेवलेला, रजेचे पैसे पण, रिलीव्हिंग लेटर पण. त्यांनी फाईल बंद केली आणि म्हणाल्या आधी ते सगळं बँकेत भरा, लेटर पोस्टानं पाठवा, पावती घेऊन या, तोपर्यंत मी वकीलपत्रावर सही घेणार नाही. मनाई हा न्यायबुद्धीनं दिलेला दिलासा आहे, मागणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत, १९९५ च्या कोका कोलाच्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. मी दुसऱ्या दिवशी भरले. त्याच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं होतं हे मला माहीत होतं आणि तरी मी अडवलेले, ते मला अजून खातं. पहिल्या वकिलानं हा प्रश्नच विचारला नव्हता.

उशिराबद्दल पण बोलल्या, पाच आठवडे होत आलेले. एवढी घाई होती तर इतके दिवस काय करत होता असं जज विचारणारच, आणि प्रत्येक गेलेला आठवडा मनाई मागणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून त्यांनी चार दिवसात दावा तयार केला. भाच्याकडनं मेलचे लॉग, तारीख-वेळेसकट, आणि नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट, जे पूर्वी ६५बी चं होतं, त्याशिवाय कॉम्प्युटरच्या प्रिंटला किंमत नाही. पहिल्या ड्राफ्टमधे ह्याचं नावसुद्धा नव्हतं.

भाषेबद्दल मुद्दाम लिहितो. आपल्याकडं कोर्टाचं काम कन्नड आणि इंग्लिशमधे. मला बाजारातलं कन्नड येतं, बोलून चालून सगळं होतं, पण कोर्टाचं कन्नड वाचताना डोळे फिरतात. मॅडमनी ॲफिडेव्हिटचा प्रत्येक पॅरा मराठीत वाचून दाखवला, मी दोन ठिकाणी चूक काढली, फाइल्सचा आकडा आणि तो जॉईन झाल्याचं वर्ष, त्या दुरुस्त केल्या, मगच सही घेतली. कळत नसलेल्या कागदावर सही करायची वेळ आली नाही, ह्याची किंमत सीमाभागातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. शिरस्तेदारांनी 'तडेयाज्ञे अर्जी' म्हटल्यावर मी गोंधळलो तर ज्युनिअर लगेच कानात म्हणाला, मनाईचा अर्ज, आपलाच.

कोर्टात पहिल्या दिवशी एकतर्फी मनाई मिळाली नाही. आम्ही फक्त फायलींपुरती मागितलेली, नोटीस गेली तर तो कॉपी करून ठेवेल म्हणून. त्याच आदेश ३९ च्या नियम ३ प्रमाणे समोरच्याला न ऐकता द्यायचं असेल तर जजना कारण लिहावं लागतं, त्यांनी एमर्जंट नोटीस काढली. मी नाराज झालो. पण बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या की एकतर्फी मिळालेला स्टे पुढच्या तारखेला नियम ४ खाली उठला तर त्याची धूळ आपल्याच अंगावर, आणि अपुऱ्या कारणावर मनाई घेतलीय असं ठरलं तर त्याच संहितेच्या कलम ९५ खाली ५० हजारापर्यंत भरपाई द्यायला लागू शकते.

दोन आठवड्यांनी सुनावणी. समोरचे वकील मोठे, तयारीनं आलेले, कलम २७, पोटापाण्याचा हक्क, गरीब कामगार, सगळं. आमच्या मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, प्रतिवादीनं कुठंही, कुणाकडंही नोकरी करावी, आमची हरकत नाही, आम्ही ते मागतच नाही. समोरच्यांची अर्धी तयारी तिथंच वाया गेली. मग फक्त ६३ फायलींची यादी, तारीख, वेळ. जजनी पोराच्या वकिलांना विचारलं की मेल पाठवलेत की नाही एवढं सांगा. त्यावर जे बोलले त्यात हो पण नव्हतं आणि नाही पण नव्हतं.

आदेश असा आला: त्या फायली वापरायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, असतील तेवढ्या कॉपी परत करायच्या आणि तसं ॲफिडेव्हिट द्यायचं. मोडलं तर नियम २ए, मालमत्ता जप्ती किंवा दिवाणी कोठडी, तीन महिन्यापर्यंत. आमची आणखी एक मागणी होती, आमच्या कस्टमरना त्यानं संपर्क करायचा नाही, ती नाकारली. उद्यमबागला कोण कुणासाठी काम करतो हे चहाच्या टपरीवर पण कळतं, ते गुपित नाही. मॅडमनी आधीच सांगितलेलं की ह्यावर कोर्टांची मतं सारखी नाहीत, २००९ च्या डेसिकंट रोटर्सच्या केसमधे नोकरी मोकळी ठेवून कस्टमरपुरती मनाई मिळालेली, आपण मागून बघू, पण भरवसा धरू नका. तसंच झालं. त्याविरुद्ध अपील करता येतं, पण आम्ही केलं नाही.

आता ऑफिसचं. फी एकूण ६० हजार ठरलेली, तीन हप्त्यात, कोर्ट फी आणि टायपिंग वेगळं, मधे एक रुपया वाढवला नाही. पावती मात्र दोनदा मागायला लागली. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आधी राग यायचा, पण सकाळी नऊच्या आत उलट फोन येतोच. जिना अरुंद आहे, वयस्कर माणसाला त्रास होईल. गाडी लावायला जागा नाही आणि रेल्वेचं गेट पडलं की पंधरा मिनिटं कुठं हलता येत नाही, चालत जावा. एक ज्युनिअर आहे तो नावांची स्पेलिंग चुकवतो, स्वतः तपासा. मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या पावतीचा आणि स्पेलिंगचा.

पहिल्या वकिलांकडचे २५ हजार परत आले नाहीत. मागून बघितले, ड्राफ्टिंगला गेले म्हणाले.

मॅडमनी केसबरोबर आमची अपॉइंटमेंट लेटर पण नवीन करून दिली, कन्नड, इंग्लिश आणि समजण्यासाठी मराठी. दोन वर्षांचं ते कलम काढलं. त्याजागी कुठल्या फायली गुप्त, कुणाला कुठला पासवर्ड, सोडताना काय परत करायचं त्याची यादी आणि सही. ड्रॉइंगवर आता शिक्का मारतो, प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर. हे नऊ वर्षं आधी केलं असतं तर, असं घरात रोज होतं.

पोरानं पेन ड्राइव्ह बंद पाकिटात कोर्टात जमा केला, ॲफिडेव्हिट पण दिलं. त्या दिवशी चन्नम्मा सर्कलला बस धरायला उभा होता, मी गाडी थांबवली नाही, पण काच खाली केली आणि बाळ कसं आहे म्हणून विचारलं. मुलगी झाली म्हणाला. शिरोलीलाच आहे अजून. मूळ दावा चालू आहे.

ज्यांना जायचंय त्यांनी संध्याकाळी पाच ते सात, शनिवार बंद. अपॉइंटमेंट लेटर ओरिजिनल न्या, झेरॉक्स नको, आणि माणसाचा पगार दिल्याची पावती बरोबर ठेवा, तो प्रश्न विचारणारच.